स्किझोफ्रेनिया : दिसणारा आजार आणि न दिसणारा

स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या कामकाजात बिघाड होऊन जडणारा गंभीर मानसिक आजार आहे. बाहेर घडते आहे ते काय आणि मनात उमटते आहे ते काय, हा भेद निरोगी माणूस नकळत, क्षणोक्षणी करत असतो. या आजारात नेमकी ती शक्ती ढासळते. विचारांची साखळी तुटते, भावना चेहऱ्यावर उमटेनाशा होतात आणि उठून काही करावे ही उमेद आटते. 'छिन्नमनस्कता' हा मराठी प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांत आहे. दवाखान्यात, स्वमदत गटांत आणि आता घराघरांतही 'स्किझोफ्रेनिया' हाच शब्द रुळला आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना तो आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम तीव्र मनोविकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्या प्रौढांचे प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास आढळले. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले की अशा रुग्णांपैकी पाऊण हिस्सा उपचारांबाहेर होता. तीनशेंमागे एक या हिशेबाने तीन हजार वस्तीच्या गावात दहाएक माणसे आजारी असतात. गाव त्यांना ओळखून असते. फक्त नाव वेगळे देते. कोणाच्या 'डोक्यावर परिणाम झालेला' असतो, कोणाला 'बाहेरचे झालेले' असते, कोणी 'येरवड्याला पाठवण्यासारखा' असतो.

नावाचा गोंधळ मात्र गावापुरता नाही, शिकलेल्यांतही आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या लक्षणसमूहाला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटले, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. तारुण्यात सुरू होऊन हा आजार माणसाला कायमचा खाली नेतो, असे त्याचे मत होते. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांना रुग्णालयात वेगळे दिसले. त्यांचे काही रुग्ण सुधारत होते, आणि अनेकांना हा आजार विशी उलटल्यानंतर जडला होता. १९०८ मध्ये त्यांनी दुभंगणे आणि मन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द घडवला. विचार, भावना आणि कृती एकमेकांपासून सुटतात, असे त्यांना सुचवायचे होते. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' असा घेतला. एका देहात दोन माणसे, दिवसा सज्जन आणि रात्री खुनी, हे सिनेमातले पात्र आणि स्किझोफ्रेनिया यांचा काही संबंध नाही. हा गैरसमज इतका चिवट ठरला की जपानने २००२ मध्ये आजाराचे नावच बदलले. जुन्या जपानी नावात 'मन फाटण्याचा रोग' असा अर्थ होता. नव्या नावात मनाच्या एकसंधतेतील बिघाड एवढाच अर्थ ठेवला. दक्षिण कोरियाने त्यानंतर दहाएक वर्षांनी स्वीकारलेले नाव तंतुवाद्याची तार स्वरात लावण्याच्या कल्पनेवर बेतलेले आहे. तार उतरली असेल तर ती पुन्हा लावता येते, हा त्यातला भाव मराठी कानांना परका वाटणार नाही.

आजार बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर येतो. पुरुषांत तो अठरा ते पंचविशीच्या सुमारास सुरू होतो. स्त्रियांत काही वर्षे उशिरा, विशीच्या उत्तरार्धात किंवा तिशीच्या सुरुवातीला. क्वचितच तो एका रात्रीत येतो. पुष्कळदा महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षे त्याची पावले वाजत असतात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा गणपतीला घरी येतो. आरतीला खाली उतरत नाही. खोलीची खिडकी लावून घेतो, मोबाइल टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतो. ताटातली भाजी हुंगून बाजूला सारतो. रात्री जागा असतो, मधेच हसतो, आणि आईने विचारले तर "काही नाही" म्हणून भिंतीकडे वळतो. आईला वाटते अभ्यासाचा ताण. वडिलांना वाटते मोबाइलचा नाद. मामा म्हणतो, "लग्न करून द्या, येईल ताळ्यावर." सहा महिन्यांनी वसतिगृहातून फोन येतो तेव्हा मुलगा दोन विषयांत नव्हे, सगळ्याच विषयांत नापास झालेला असतो, आणि शेजारच्या खोलीतली मुले आपल्या विचारांची नोंद ठेवतात अशी त्याची खात्री पटलेली असते. मुलगी असेल तर हीच लक्षणे दडपून तिचे लग्न उरकले जाते. आजार सासरी उघड होतो आणि तिला माहेरी आणून सोडतात. लग्न हा स्किझोफ्रेनियावरचा उपचार नाही, हे मराठी घरांना आजही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

लक्षणांचे एक कुळ गोंगाटाचे आहे. त्यात सर्वांत परिचित लक्षण म्हणजे भास, आणि त्यातही कानात येणारे आवाज. हे आवाज रुग्णाला कल्पनेसारखे वाटत नाहीत. दारावर थाप पडावी तितके ते खरे असतात. मेंदूची चित्रे घेणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे की भास होत असताना मेंदूतील बोलण्याशी व ऐकण्याशी निगडित भाग खरोखरच कामाला लागलेले असतात. तेव्हा "आवाज येतच नाहीत, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणणे रुग्णाच्या दृष्टीने खोटे असते. आवाज कधी दोघे मिळून त्याच्याविषयी बोलतात, कधी त्याच्या प्रत्येक हालचालीवर टिप्पणी करतात, कधी हुकूम सोडतात. ते कोणाचे असतात, हे मात्र समाजावर अवलंबून असते. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन मटेओ, घानातील आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी वीस रुग्णांशी या आवाजांविषयी सविस्तर बोलणे केले. अमेरिकेतल्या रुग्णांना बहुधा अनोळखी, हिंसक आवाज ऐकू येत. चेन्नईतल्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत: घरकाम सांगणारे, रागावणारे, सल्ला देणारे. आजार एकच, पण त्याला बोलायला शब्द मिळतात ते घरातून आणि संस्कृतीतून.

दुसरे लक्षण भ्रमाचे. कितीही पुरावा दिला तरी न ढळणारी चुकीची खात्री म्हणजे भ्रम. कोणी विष घालते आहे, पोलीस पाठलागावर आहेत, बातम्या देणारा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो आहे, आपले विचार कोणी काढून घेते किंवा परके विचार डोक्यात घालते. पूर्वी रुग्ण करणी आणि भानामतीबद्दल बोलत. आता चिप, सीसीटीव्ही आणि हॅकिंग यांबद्दल बोलतात. गाभा तोच असतो, सामान काळाप्रमाणे बदलते. तिसरे लक्षण विचारांच्या विस्कळीतपणाचे. बोलणे एका रुळावरून दुसऱ्यावर जाते, वाक्ये सुटी सुटी नीट असतात पण एकमेकांना धरून नसतात, आणि ऐकणाऱ्याला काही वेळाने जाणवते की हाती काहीच लागले नाही.

हे गोंगाटाचे कुळ सर्वांना दिसते. त्यासाठीच रुग्णाला डॉक्टरकडे नेले जाते, आणि औषधांनी बहुधा तेच आधी शमते. पण रुग्णाचे आयुष्य ज्यामुळे सर्वाधिक पोखरले जाते ते दुसरे कुळ शांत असते, आणि आजाराचा भाग म्हणून ते ओळखलेच जात नाही. वैद्यकात त्याला 'ऋण लक्षणे' म्हणतात, कारण इथे काही नवे येत नाही, असलेले वजा होते. सकाळी अकराला उठणारा, आंघोळ आठवडा आठवडा टाळणारा, विचारले तर "हो", "नाही" एवढेच बोलणारा, भावाच्या लग्नातही निर्विकार बसून राहणारा मुलगा घराला आळशी दिसतो. आता तर तो भलतेसलते बोलत नाही, कोणावर संशय घेत नाही. म्हणजे आजार बरा झाला आणि उरला तो माज, असा निष्कर्ष काढला जातो. 'खायला काळ, भुईला भार' ही म्हण अशा घरांत फार वेळा आणि फार जवळच्या माणसांच्या तोंडून उच्चारली जाते. हा निष्कर्ष चूक आहे. कृतीला चालना देणारी, एखादी गोष्ट केल्याने बरे वाटेल असे आधीच जाणवून देणारी मेंदूतील यंत्रणाच येथे मंदावलेली असते. लकवा मारलेल्या पायाला "चाल" म्हणून रागावण्यात जितका अर्थ आहे, तितकाच अशा माणसाला "जरा हातपाय हलव" म्हणून हिणवण्यात आहे.

याच शांत कुळात आकलनाच्या अडचणीही येतात. लक्ष टिकत नाही, हाताशी लागणारी तात्पुरती स्मृती अपुरी पडते, कामाचा क्रम लागत नाही. चहा करण्यासारखे काम घ्यावे. भांडे काढणे, पाणी मोजणे, गॅस पेटवणे, साखर, पावडर, आले, दूध, उकळी, गाळणे. निरोगी माणसाला ही एकच कृती वाटते. स्किझोफ्रेनियातून सावरणारी स्त्री साखरेचा डबा हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहते आणि साखर घातली की घालायची आहे, हे तिला आठवत नाही. पाणी आटते. सासू म्हणते, "एवढंही जमत नाही का?" पुढच्या वेळी ती ओट्याकडे फिरकतच नाही. पदवी असलेल्या, एके काळी हिशेब ठेवणाऱ्या माणसांची नोकरी जाते ती पुष्कळदा आवाजांमुळे नाही, या अडखळण्यामुळे जाते.

आणखी एक गोष्ट या आजाराला इतर आजारांपासून वेगळे करते. ताप आलेल्याला ताप जाणवतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या अनेकांना आपण आजारी आहोत हेच जाणवत नाही. ज्या मेंदूने तपासणी करायची तोच बिघडलेला असल्यामुळे ही जाण हरपते. याला हट्ट किंवा लपवाछपवी समजणे चुकीचे आहे. "मला काही झालेलं नाही, डॉक्टरकडे तुम्हीच जा" हे वाक्य आजाराच्या लक्षणांत मोजायला हवे.

निदानासाठी रक्ताची किंवा स्कॅनची अशी चाचणी अजून नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, कालक्रमाने इतिहास घेऊन निदान करतात. अमेरिकी निकषांनुसार आजाराची चिन्हे किमान सहा महिने असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार लक्षणे किमान एक महिना. रक्त तपासतात, कधी मेंदूचा एमआरआय काढतात, तो इतर कारणे वगळण्यासाठी: थायरॉइडचे विकार, फिट्स, मेंदूचा दाह, दारू आणि नशेचे पदार्थ. पॅरॅनॉइड, कॅटाटॉनिक असे जुने पोटप्रकार अमेरिकी निकषांतून २०१३ मध्ये वगळले गेले, कारण एकाच रुग्णात ते बदलत राहतात.

कारणांविषयी बोलताना आधी एक खोटे कारण बाजूला करणे आवश्यक आहे. फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ मध्ये थंड आणि नाकारणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो अशी कल्पना मांडली, आणि पुढची दोन-तीन दशके मनोविश्लेषकांच्या वर्तुळात ती सत्य म्हणून वावरली. आजारी मुलाला घेऊन आलेल्या आईलाच आरोपी केले गेले. या कल्पनेला आधार देणारा पुरावा कधीच मिळाला नाही. मानसशास्त्राने कुटुंबांवर केलेल्या अन्यायांत हा मोठा अन्याय आहे, आणि त्याची सावली आजही "तूच त्याला लाडावून ठेवलंस" या घरगुती वाक्यात उरली आहे.

खरे चित्र गुंतागुंतीचे आहे. लोकसंख्येत आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास धरली जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता चाळीस ते पन्नास टक्के. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण निर्णायक नाही. जनुके तंतोतंत सारखी असूनही निम्मी जुळी भावंडे निरोगी राहतात. एकच 'स्किझोफ्रेनियाचे जनुक' असे काही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी जोडलेली आढळली, आणि प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. त्यावर परिस्थिती काम करते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या भुकेच्या महिन्यांत गर्भात असलेल्या मुलांमध्ये मोठेपणी स्किझोफ्रेनियाचे प्रमाण दुपटीच्या घरात होते. गर्भावस्थेतील आणि प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंती, बालपणीचा छळ, दाट वस्तीच्या शहरात वाढणे आणि स्थलांतर यांनीही धोका वाढतो. कोवळ्या वयात नियमित ओढलेला गांजा हे टाळता येण्याजोगे कारण आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या तरुणांचा मागोवा घेणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात हा संबंध स्पष्ट दिसला. "गांजा तर नैसर्गिक आहे" असे म्हणणाऱ्या प्रत्येक तरुणापर्यंत ही गोष्ट पोहोचली पाहिजे.

आजार तारुण्यातच का उफाळतो, यावर अलीकडे थोडा प्रकाश पडला आहे. किशोरवयात मेंदू आपल्या पेशींमधील जोडण्यांची छाटणी करतो. बाग राखावी तशी ती आवश्यक छाटणी असते. ज्यांच्यात सी-४ या जनुकाचे काही प्रकार असतात त्यांच्यात ही छाटणी बहुधा प्रमाणाबाहेर होते, असे २०१६ मधील संशोधन सुचवते. दुसरा धागा डोपामिन या रसायनाचा. समोरच्या हजार गोष्टींपैकी कोणती महत्त्वाची, हे मेंदूला दाखवून देण्यात डोपामिनचा वाटा असतो. ते भलत्या वेळी वाढले की रस्त्यावरचा खोकला, शेजाऱ्याची नजर, गाडीचा नंबर, सगळेच अर्थपूर्ण आणि आपल्याकडे बोट दाखवणारे वाटू लागते. भ्रमाची बीजे तिथे पडतात.

औषधांचा इतिहास या डोपामिनपाशीच येऊन मिळतो, पण त्याची सुरुवात योगायोगाने झाली. फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार झालेले क्लोरप्रोमाझिन शस्त्रक्रियेच्या वेळी वापरून पाहिले जात होते. आँरी लाबोरी या शल्यवैद्याच्या लक्षात आले की ते घेतलेले रुग्ण जागे असूनही निश्चिंत राहतात. १९५२ मध्ये जाँ दले आणि पिएर देनिके यांनी पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात ते मनोरुग्णांना दिले. वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे बोलू लागली. याच काळात भारतीय मुळीतूनही एक वाट निघाली. सर्पगंधेचा वापर वेडावर पूर्वापार होत असे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उच्च रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात तिच्या रक्तदाबावरील परिणामाचा निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि काही वर्षे ते मनोविकारांवरही दिले गेले. उदासीनता आणि रक्तदाब फार उतरणे या त्रासांमुळे ते पुढे मागे पडले. तरी मेंदूतील रसायने आणि मनाचे विकार यांचे नाते उलगडण्यात त्याचा मोठा हात आहे.

आज वापरात असलेली जवळपास सर्व औषधे डोपामिनला आवर घालतात. ती गोंगाटावर चांगली चालतात, शांत लक्षणांवर फारच थोडी. त्यांचे त्रासही खरे आहेत आणि ते डॉक्टरांनी झटकून टाकू नयेत. जुन्या औषधांनी हात थरथरतात, अंग आखडते, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. नव्या औषधांनी वजन आणि साखर वाढते. काहींमुळे स्त्रियांची पाळी अनियमित होते. क्लोझापिन हे औषध इतर दोन औषधांनी गुण न आलेल्यांसाठी सर्वांत प्रभावी ठरले आहे, पण शंभरात एकापेक्षा कमी लोकांत ते रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटवते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे मृत्यू झाले आणि औषध बाजूला पडले. नियमित रक्ततपासणीची शिस्त लावल्यावर ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस परतले. आजही ते गरज असलेल्यांना फार उशिरा दिले जाते. डोपामिनच्या वाटेने न जाणारे पहिले औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाले. त्याचे खरे मोल काही वर्षांनी कळेल.

गोळ्या थांबवण्याचा मोह प्रत्येक घराला होतो. बरे वाटते आहे, मग कशाला? पहिल्या आजारपणातून सावरलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात औषध बंद करणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट आढळला. दर वेळी आजार उलटल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो आणि पुष्कळदा आधीच्या पायरीपर्यंत पोहोचता येत नाही. रोजची गोळी जमत नसेल त्यांना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने उपलब्ध आहेत. विजेच्या उपचारांविषयी सिनेमाने भीती पसरवली आहे. भूल देऊन केलेला हा उपचार अन्नपाणी सोडून ताठरून बसलेल्या रुग्णाचे प्राण वाचवू शकतो. भूल न देता तो करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

औषध जिथे थांबते तिथून घराचे काम सुरू होते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की रुग्णालयातून घरी गेलेला रुग्ण पुन्हा आजारी पडेल की नाही, हे घरातील टीका, चिडचीड आणि अतिकाळजी यांच्या मात्रेवरून बऱ्याच अंशी सांगता येते. पुढे चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला. तिथल्या, विशेषतः खेड्यांतल्या कुटुंबांत टोचून बोलण्याचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, आग्रा हे एक केंद्र असलेल्या, १९६० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात विकसनशील देशांतील रुग्ण अधिक चांगले सावरताना दिसले, त्यामागे हे एक कारण मानले गेले. त्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही आले. भारतातल्या मोठ्या कुटुंबात रुग्णाला हलके काम मिळते हे जितके खरे, तितकेच गोठ्याच्या खांबाला बांधलेले रुग्णही याच देशात सापडतात हेही खरे.

महाराष्ट्रातील स्वमदत गटांनी या नात्यासाठी दोन शब्द रुळवले आहेत: रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्यासाठी 'शुभंकर'. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेमागे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी या आजाराचा तरुण उभा केला, आणि अनेक मराठी घरांनी आपल्या माणसाचे आजारपण प्रथमच पडद्यावर ओळखले. साताऱ्यातही मोलाचे काम झाले आहे. तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथे झालेल्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१४ मध्ये आले, स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात. गोळ्यांची आठवण, घरच्यांशी बोलणे, दिवसाचे वेळापत्रक, सरकारी लाभांचे कागद, कामधंद्याची खटपट. वर्षभरानंतर नुसत्या दवाखान्यातील उपचारांपेक्षा या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन अधिक घटले होते. फरक माफक होता, पण तो मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या माणसांनी घडवला होता. शांत लक्षणांवर चालणारा इलाज बहुतांशी याच जातीचा आहे: चहाच्या कृतीचे पायरीपायरीने तुकडे करून ओट्यावर चिकटवलेला कागद, रोज ठरल्या वेळी दुकानात एक फेरी, महिन्याकाठी हाती येणारे थोडे पैसे.

रुग्णापासून समाजाला धोका असतो, ही समजूत फार मोठी करून सांगितली जाते. बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. मारहाण, फसवणूक आणि लैंगिक अत्याचार यांना तेच अधिक बळी पडतात. खरा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला आहे. सुमारे पाच टक्के रुग्ण आत्महत्येने जातात. हृदयविकार, मधुमेह आणि तंबाखू यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उरलेल्यांचे आयुष्यही दहा ते वीस वर्षांनी कमी भरते. मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीबरोबर साखर आणि रक्तदाबाची तपासणी हवीच.

देवऋषी, मांत्रिक आणि दर्ग्याकडे जाणारी वाट पुष्कळ कुटुंबे आधी धरतात, कारण ती जवळ असते आणि तिथे कोणी 'वेडा' म्हणत नाही. श्रद्धेचा आधार घरच्यांना बळ देत असेल तर त्याला हरकत नाही. मात्र औषध थांबवून मारहाण आणि कोंडून ठेवणे सुरू होते तेव्हा ती छळवणूक होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या झोपडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास देशभर मनाई केली, उपचार हा हक्क ठरवला, आणि बरा असताना पुढील उपचारांविषयी लेखी इच्छा नोंदवण्याची तसेच आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा त्याला दिली. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलती मिळतात.

पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आणि आजाराच्या पहिल्या वर्षांत बहुतेकांना इतक्या दूर जावेही लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. १४४१६ हा 'टेलिमानस'चा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्ण यायला तयार नसेल तर नातेवाइकांनी थांबू नये. त्यांनी आधी स्वतः मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. काय बदलले, केव्हापासून बदलले, झोप किती, जेवण किती, पूर्वी माणूस कसा होता, एवढे कागदावर लिहून नेले तरी पहिल्या भेटीला पुरते.